वरच्या देशाचं धरण, खालच्या देशाची नदी: पाणी किती अडलं यापेक्षा कधी सुटलं ते बघा

प्रश्न असा आला आहे: दोन-तीन देशांतून वाहणाऱ्या नदीवर वरच्या देशाने मोठं धरण बांधलं, तर खालच्या देशाचं पाणी खरंच तुटतं का? तुटत असेल तर किती, आणि खालच्या देशाच्या हातात मग काय उरतं?

जवळपास तीस वर्षं मी जलाशय परिचालनाचं काम केलं आहे. कोणत्या दिवशी किती साठवायचं आणि किती सोडायचं, याचा हिशोब ठेवण्याचं हे काम. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. निव्वळ वीजनिर्मितीसाठी बांधलेलं धरण पाणी पीत नाही. टर्बाइनमधून गेलेलं पाणी पुन्हा नदीलाच मिळतं. जलाशयाच्या पृष्ठभागावरून थोडं बाष्पीभवन होतं, थोडं जमिनीत मुरतं, बाकीचं आज ना उद्या खाली जातंच. सिंचनाच्या धरणाचं तसं नाही. तिथून कालवे निघतात, पाणी शेतात जातं आणि त्यातलं बरंचसं नदीत परत येत नाही. म्हणून बातमीत ‘धरण’ हा शब्द वाचला की मी आधी कालवा शोधतो. कालवा असेल तर वर्षाच्या एकूण पाण्यातच तूट येते. कालवा नसेल तर तूट वर्षाची नसते, ती दिवसांची आणि महिन्यांची असते. खालच्या देशातल्या माणसांना अनेकदा हीच जास्त छळते.

कालव्यानंतर मी एकच आकडा मागतो: उपयुक्त साठा (प्रत्यक्ष सोडता येणारं पाणी) आणि नदीचा वार्षिक येवा (वर्षभरात येणारं पाणी) यांचं गुणोत्तर. नदीच्या दोन दिवसांच्या प्रवाहाइतकं पाणी धरणारा जलाशय आणि दीड वर्षाचा प्रवाह पोटात घेणारा जलाशय, दोघांनाही आपण धरणच म्हणतो. पण खालच्या देशावर त्यांची सत्ता सारखी नसते. इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेल्या ग्रँड इथिओपियन रेनेसान्स धरणाची क्षमता ७४ अब्ज घनमीटर आहे, म्हणजे सुमारे २,६०० टीएमसी. त्या जागी नदीतून वर्षाला सरासरी पन्नास अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी जातं. हा जलाशय नदीच्या दीड वर्षाच्या पाण्याचं वेळापत्रक बदलू शकतो.

यातलं सगळ्यांत नाजूक पर्व पहिल्या भरणीचं. धरण पहिल्यांदा भरताना पाणी खरोखरच अडतं, आणि ते मृतसाठ्यासकट, म्हणजे तळाशी कायम राहणाऱ्या पाण्यासकट अडतं. युफ्रेटिसवरचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. तुर्कस्तानच्या अतातुर्क धरणाचा जलाशय ४८.७ अब्ज घनमीटरचा. तो भरायला सुरुवात करण्यासाठी १३ जानेवारी १९९० पासून महिनाभर नदी जवळजवळ बंद ठेवली गेली. तुर्कस्तानने हे आधी जाहीर केलं होतं. त्याआधीचा दीडेक महिना नेहमीपेक्षा जास्त पाणीही सोडलं होतं, म्हणजे सरासरी काढली तर हिशोब बऱ्यापैकी जुळत होता. शिवाय १९८७ च्या करारात सीरियाच्या सीमेवर सेकंदाला सरासरी ५०० घनमीटर पाणी देण्याचं कबूल झालं होतं आणि एका महिन्यात कमी पडलं तर पुढच्या महिन्यात भरून देण्याची सोयही त्यातच होती. कागदावर कुठेच चूक सापडत नाही.

पण जादा आलेलं पाणी साठवायला ज्याच्याकडे जागा आहे, त्याच्याच कामाचं असतं. सीरियाकडे तबका धरण होतं. नदीकाठी पंप लावून शेती करणाऱ्याकडे काय असतं? त्याच्यासाठी डिसेंबरचं जास्तीचं पाणी वाहून गेलेलं असतं आणि जानेवारीत पंपाचं तोंड उघडं पडलेलं असतं. पुढच्या महिन्यात पाणी दुप्पट आलं म्हणून त्याचं वाळलेलं पीक उठून उभं राहत नाही.

नाईलवर भरणी २०२० ते २०२४ अशा पाच पावसाळ्यांत उरकली. इजिप्तला ज्या तीव्र टंचाईची भीती होती ती या काळात आली नाही. त्याचं श्रेय दोन गोष्टींना जातं: पाऊस चांगला होता आणि इजिप्तच्या पाठीशी स्वतःच्या आस्वान धरणाचं प्रचंड नासर सरोवर होतं. मधल्या सुदानकडे एवढं मोठं भांडं नाही. नव्या धरणाच्या खाली शंभरेक किलोमीटरवर त्याचं रोझेरेस धरण आहे, त्याची क्षमता नव्या धरणाच्या जेमतेम एक दशांश. जुलै २०२० मध्ये भरणी सुरू झाली तेव्हा पातळी अचानक उतरली आणि खार्तुममधल्या पिण्याच्या पाण्याच्या काही उपसा केंद्रांना पाणी घेता येईना. नदी तीच, भरणी तीच, तरीही एका देशाला ती फारशी जाणवली नाही आणि दुसऱ्याच्या नळाला पाणी आलं नाही. म्हणून ‘खालच्या देशावर परिणाम’ असा एकच परिणाम नसतो. खाली कोणाकडे किती साठवण आहे, यावर तो ठरतो.

भरणी संपली की चर्चाही संपते. खरं तर रोजचा संसार तिथून सुरू होतो. याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका दाखला मध्य आशियातला आहे. किर्गिझस्तानात नारिन नदीवर तोक्तोगुल धरण आहे, १९.५ अब्ज घनमीटरचं, सोव्हिएत काळात बांधलेलं. नारिन पुढे सिर दर्या होते आणि उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान यांच्यामधून अरल समुद्राकडे जाते. सोव्हिएत काळात धरणाचं वेळापत्रक कापसाच्या सोयीने ठरलं होतं: हिवाळ्यात साठवायचं, उन्हाळ्यात सोडायचं. त्याच्या बदल्यात वरच्या किर्गिझस्तानला हिवाळ्यासाठी कोळसा, गॅस आणि तेल खालून मिळायचं. १९९१ मध्ये देश वेगळे झाले, इंधन बाजारभावाने विकत घ्यायची वेळ आली आणि किर्गिझस्तानने हिवाळ्यात घरं तापवायला स्वतःच्या धरणाची वीज वापरायला सुरुवात केली. वीज करायची तर पाणी सोडायलाच हवं. म्हणजे पाणी हिवाळ्यात सुटू लागलं आणि उन्हाळ्यात साठवून ठेवायची वेळ आली.

धरणाची एक वीटही हलली नव्हती. वर्षाचं पाणीही तेवढंच होतं. पण खालच्या कझाकस्तानात हिवाळ्यात नदी गोठलेली असते. बर्फाखालून मोठा विसर्ग जाऊ शकत नाही, पाणी काठ सोडतं आणि भर थंडीत पूर येतो. तो टाळायला पाणी अर्नासाय नावाच्या सखल भागाकडे वळवावं लागलं आणि तिथे वाळवंटात सरोवरं पसरत गेली. उन्हाळ्यात मात्र शेतं तहानलेली. १९९८ मध्ये पाण्याच्या बदल्यात इंधन देण्याचा करार झाला, पण दरवर्षी किती पाणी आणि किती कोळसा यावर घासाघीस होत राहिली. शेवटी कझाकस्तानने हिवाळ्याचं पाणी पकडण्यासाठी स्वतःचा कोकसराय जलाशय बांधला. एवढा खर्च कशासाठी? दुसऱ्याच्या वेळापत्रकातून स्वतःची सुटका करून घेण्यासाठी. किर्गिझस्तानलाही मी दोष देऊ शकत नाही. ज्या देशाकडे तेल नाही आणि हिवाळा कडक आहे, त्याने थंडीत धरण बंद ठेवावं अशी अपेक्षा फुकटात करता येत नाही.

ही झाली ऋतूंची उलटापालट. आता दिवसातली सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. नोकरीची पहिली काही वर्षं मी एका वीजधरणाच्या खालच्या अंगाला, पाणी पोहोचायला पाच-सहा तास लागतील अशा अंतरावरच्या मोजणी केंद्रावर काढली. काठावरच्या दगडी पायऱ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली मोजपट्टी होती आणि दर तासाला ती वाचून वहीत नोंद करायची होती. विजेची मागणी संध्याकाळी चढते, तेव्हा वर सगळी जनित्रं चालू होत. ते पाणी आमच्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास येई. मध्यरात्रीनंतर वर जनित्रं बंद झाली की उजाडताना पाणी उतरू लागे. सकाळी मी पायऱ्या उतरायचो तेव्हा ओल्या दगडांवर काल रात्रीच्या पातळीची काळी रेघ कमरेइतकी वर दिसायची. खडकांतल्या डबक्यांत बोटाएवढे मासे अडकलेले असायचे आणि ऊन चढलं की ती डबकी आटायची. नावाडी रात्री नाव जिथे बांधून जायचा, तिथे सकाळी चिखल असायचा. महिनाअखेरीस मी सरासरी काढून वर पाठवायचो आणि ती अगदी व्यवस्थित असायची. तासाच्या नोंदींचा आलेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा. तेव्हापासून कोणत्याही करारात ‘मासिक सरासरी’ हे शब्द दिसले की मी पुढचं पान उलटण्याआधी थांबतो.

मेकाँगवर हे सगळं एकत्र बघायला मिळतं. चीनमध्ये ती लानत्सांग म्हणून वाहते आणि तिच्यावर एकाखाली एक धरणांची माळ आहे. त्यांतली शियाओवान आणि नुओझादू ही दोन साठवणीने सर्वांत मोठी. ही धरणं पावसाळ्यात पाणी धरतात आणि कोरड्या महिन्यांत सोडतात, त्यामुळे खाली उन्हाळ्यात प्रवाह वाढतो आणि पावसाळ्यात घटतो. ऐकायला हे छानच वाटतं. पूर कमी, उन्हाळ्यात पाणी जास्त, मग तक्रार कशाची? कंबोडियातलं तोनले साप सरोवर बघितलं की कळतं. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की सरोवरातून बाहेर येणारी नदी उलटी वाहू लागते. सरोवर सुमारे २,५०० चौरस किलोमीटरवरून १५,००० पर्यंत पसरतं, काठचं जंगल पाण्यात बुडतं आणि त्या बुडालेल्या झाडांत माशांची पिल्लं वाढतात. कंबोडियातल्या माणसांची प्रथिनांची गरज मोठ्या प्रमाणावर या माशांवर भागते. पूर उशिरा आला किंवा कमी चढला की सरोवराचा पसाराही घटतो आणि मासळीही. २०१९ मध्ये असंच झालं. त्या वर्षी पाऊसही फार कमी होता, म्हणून सगळं खापर धरणांवर फोडणं चूक ठरेल. पण दुष्काळात वर पाणी साठवलं जात होतं का आणि किती, हे खाली कोणाला वेळेवर कळत नव्हतं. १९९५ च्या मेकाँग करारात थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम आहेत. चीन सदस्य नाही. पावसाळ्यातली आकडेवारी तो २००२ पासून देत होता, वर्षभराची द्यायला २०२० मध्ये तयार झाला.

आता गाळाकडे वळतो, कारण बहुतेक बातम्यांत तो नसतोच. साधा प्रयोग आहे. पुराच्या दिवसांत धरणाच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी काचेच्या बाटलीत भरा, तशीच दुसरी बाटली धरणाखाली भरा आणि दोन्ही रात्रभर टेबलावर ठेवा. सकाळी पहिल्या बाटलीच्या तळाशी मऊ मातीचा थर असतो, दुसरीत जवळपास काहीच नाही. ती माती जलाशयात राहिली. गाळ टाकून आलेलं पाणी भुकेलं असतं. ते पुढच्या पात्रातून आणि काठांतून माती उचलू लागतं, तळ खोल जातो आणि पुलांच्या पायाला धक्का बसतो. जी माती दरवर्षी समुद्राच्या तोंडाशी जाऊन त्रिभुज प्रदेश राखायची, ती पोहोचतच नाही. आस्वानच्या उंच धरणानंतर नाईलच्या रोझेटा मुखाजवळचा किनारा वेगाने मागे सरकला. हे धरण इजिप्तने स्वतःच बांधलं होतं. समुद्राला देशांच्या सीमांशी देणंघेणं नसतं. मेकाँगमधून पूर्वी वर्षाला सुमारे १६ कोटी टन गाळ जायचा असा अंदाज आहे, आता त्याचा लहानसा भाग उरला आहे. २०१९ च्या अखेरीस थायलंडच्या ईशान्य सीमेवर एरवी गढूळ तांबडी असणारी मेकाँग निळीशार दिसू लागली आणि लोक फोटो काढू लागले. माझ्यासारख्याला तो निळा रंग बघून काळजी वाटते. व्हिएतनामच्या मुखाकडे खारं पाणी भातखाचरांत आत आत शिरतं, त्यात या हरवलेल्या गाळाचा वाटा आहे. पात्रातली वाळू उपसणं आणि भूजल ओढल्यामुळे जमीन खचणं यांचाही आहे, आणि हे खालच्या देशाचं स्वतःचं आहे.

पाण्याची प्रत हाही असाच विसरलेला भाग. कोलोरॅडो नदीवर १९४४ च्या करारानुसार अमेरिकेने मेक्सिकोला वर्षाला १.८५ अब्ज घनमीटर पाणी द्यायचं ठरलं. पाणी किती खारं चालेल हे त्यात लिहिलंच नाही. १९६१ मध्ये ॲरिझोनातल्या एका सिंचन क्षेत्रातलं खारट निचऱ्याचं पाणी नदीत सोडलं जाऊ लागलं आणि मेक्सिकाली खोऱ्यातली पिकं जळू लागली. घनमीटर पुरेपूर मिळत होते. क्षारांबद्दलचं कलम यायला १९७३ उजाडलं.

आपल्या उपखंडाबद्दल विचारल्याशिवाय कोणी राहत नाही, आणि भारत तर वरचाही देश आहे आणि खालचाही. १९६० च्या सिंधू करारात रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे गेल्या. पश्चिमेच्या नद्यांवर भारताला वाहत्या पाण्यावरची वीजधरणं बांधता येतात, पण साठा किती आणि दरवाजे कोणत्या उंचीवर, यावर बारीक बंधनं आहेत. चिनाबवरच्या बागलिहार धरणाच्या वादात २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञाने रोजच्या चढउतारासाठीचा साठा ३७.५ वरून ३२.५६ दशलक्ष घनमीटर केला. पाचच दशलक्ष घनमीटरसाठी दोन देश एवढे का भांडले? हिशोब करून बघा. हिवाळ्यात नदी सेकंदाला २०० घनमीटर वाहत आहे असं धरलं, तर पाच दशलक्ष म्हणजे सात तासांचं पाणी आणि पूर्ण साठा म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचं. पाकिस्तानची भीती वर्षाच्या पाण्याची नव्हती, त्या दोन दिवसांची होती. झेलमच्या उपनदीवरच्या किशनगंगा प्रकल्पाच्या निवाड्यातही २०१३ मध्ये सेकंदाला किमान ९ घनमीटर पाणी कायम सोडण्याची अट आली आणि जलाशय मृतसाठ्याच्या खाली उपसून गाळ धुऊन काढण्यावर मर्यादा आली, कारण रिकामा केलेला जलाशय पुन्हा भरताना नदी थांबते. एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित ठेवला. अशा वेळी पहिल्याच दिवशी बाधित होते ती माहितीची देवाणघेवाण. पाणी अडवायला धरणं लागतात आणि ती बांधायला वर्षं जातात.

गंगेवर भारत वरचा. फराक्का बराज १९७५ मध्ये सुरू झाला, तोही हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदरातला गाळ हलवण्यासाठी. १९९६ च्या तीस वर्षांच्या करारात १ जानेवारी ते ३१ मे या काळाचं वाटप दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत आहे. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. मला या कराराची ही दहा दिवसांची मांडणी आवडते. वार्षिक आकडा लिहून मोकळं होण्यापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे. उणीव ही, की फराक्कापर्यंत पाणी पोहोचण्याआधी वर किती उचललं जातं याला तिथे हात लागत नाही, आणि बांगलादेशातला गंगेचा फाटा असलेली गोराई नदी कोरड्या महिन्यांत आटली की नैऋत्येकडचं खारं पाणी आत येतं.

ब्रह्मपुत्रेवर भारत खालचा. तिबेटमधल्या मेदोगजवळच्या वळणावर चीनने जुलै २०२५ मध्ये सुमारे ६०,००० मेगावॅटच्या प्रकल्पाचं काम सुरू केलं. इथे माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही: ब्रह्मपुत्रा कोरडी पडेल ही भीती अवाजवी आहे. नदीचं बहुतांश पाणी हिमालय ओलांडल्यावर, भारतातल्या पावसातून आणि उपनद्यांतून येतं. पण वळणाच्या तोंडाशी होणारे रोजचे चढउतार, अडलेला गाळ आणि भूकंपप्रवण दरीतून न सांगता सुटणारं पाणी, या तीन गोष्टी मी अजिबात हलक्यात घेणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात चीनकडून पातळीची आकडेवारी भारताला मिळाली नव्हती. त्या वर्षी डोकलामचा तणाव होता.

मग खालच्या देशाच्या हातात काय उरतं? पाण्याच्या वाटपावर भांडताना तासातासाचा विसर्ग, दरवाजे उघडण्याची आगाऊ सूचना, किमान प्रवाह आणि दुष्काळातल्या भरणीचा नियम या गोष्टी लिहून घेता येतात. आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार मर्यादित आहे. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह करारात न्याय्य वापर आणि मोठी हानी न करण्याचं कर्तव्य लिहिलं आहे, पण चीन आणि तुर्कस्तानने विरोधात मत दिलं आणि भारत तटस्थ राहिला. वरच्या जलाशयाची पातळी आता उपग्रहाच्या रडार चित्रांवरून मोजता येते, मेकाँगवरच्या धरणांची अशी नोंद २०२० पासून जाहीरपणे ठेवली जाते. त्यामुळे नाकारणं अवघड झालं आहे. पण उपग्रह झालेलं सांगतो. उद्या पहाटे काय सुटणार आहे, हे वरच्या नियंत्रण कक्षातूनच कळावं लागतं.

सर्वांत पुढे गेलेला प्रयोग मला सेनेगल नदीवर दिसतो. १९७२ मध्ये माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी एकत्र संस्था काढली आणि १९८८ मध्ये पुरं झालेलं मनंताली धरण मालीच्या भूमीवर असूनही तिघांच्या मालकीचं ठेवलं. खर्च आणि वीज ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. पुराचं पाणी ओसरल्यावर ओल्या जमिनीत पेरणी करणारे काठचे शेतकरी आराखड्यात मागे पडले. मुखाजवळच्या दियामा बांधामुळे पाणी संथ आणि गोडं राहू लागलं, तसे गोगलगायींमुळे पसरणारे कृमिरोग वाढले. पण शेतकऱ्यांसाठी पावसाळ्यात मुद्दाम कृत्रिम पूर सोडायचा की ते पाणी विजेसाठी राखायचं, हा वाद तीन देशांचे लोक एकाच टेबलाभोवती बसून, एकच आकडेवारी समोर ठेवून घालू शकले, आणि कित्येक वर्षं तो पूर सोडलाही गेला.